गुळणी

तुम्ही माझ्या मित्राला त्याच्याच नावातून हाकललंत. इलाही दस्तगीर मुजावर, राहणार इचलकरंजी. जिवंत आहे, कामावर जातो, दोन वेळा जेवतो. त्याला तुम्ही कळवलंत की तू इलाही मुजावर नाहीस. आणि त्याच्या नावानं जे काही तुमच्या यंत्रात बसवलंय, ते आजही आमच्या कामाचा निवाडा करतंय.

तुम्ही कोण, मला माहीत नाही. तुमच्या पत्राखाली सही नसते, ऑफिसला दार नसतं, फोनवर माणूस नसतो. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते. ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांनाही कळू दे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी पद्मा मगदूम. मी मॅप बनवते. व्हिडिओ गेममध्ये खेळाडू ज्या जागेतून फिरतो, गल्ल्या, जिने, भुयारं, जंगलं, ती जागा म्हणजे मॅप. गेम कंपनीचा असतो, पण त्यात आपापली जागा बांधायची मुभा असते. जगभरात लाखो लोक अशा जागा बांधतात आणि परक्या माणसांना आत फिरायला बोलावतात. मला हे कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही. बारावीला गणितात नापास झाले आणि एस.टी. स्टँडमागच्या सुभाषतात्या हुपरीकरांच्या गेमिंग कॅफेत जाऊन बसले. तिथं शिकले.

तात्यांच्या कॅफेचा एक नियम होता. नवा मॅप झाला की तो पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी खेळायचा, आणि बनवणाऱ्यानं त्याच्या खुर्चीमागं उभं राहायचं, तोंडात पाण्याची गुळणी धरून.

कारण बनवणारा गप्प बसत नाही. "इकडं वळ, अरे तिकडं नको, तो कठडा बघ की किती बारीक काम केलंय." मग खेळणाऱ्याला काय सुचलं आणि तुम्ही काय सुचवलं, हे वेगळं काढणार कसं? तात्या म्हणायचे, "मॅप जगात सोडशील तवा तुझं तोंड त्याच्यासंगं जाणार हाय का? मग आत्ताच बंद ठेव." खेळ संपल्यावर खेळणाऱ्यानं आधी बोलायचं. त्याला आवडला तर बनवणाऱ्यानं पाणी गिळायचं. नाही आवडला तर मोरीत थुंकायचं आणि परत कामाला लागायचं. गुळणी न धरता सोडलेल्या मॅपला आम्ही 'कोरडा' म्हणायचो. कोरडा मॅप सोडणं म्हणजे न चाखता पाहुण्याला वाढणं.

खुर्चीत बहुतेक वेळा इलाही असायचा. माझ्याच गल्लीतला, माझ्याच वर्गातला. त्याला मॅप बनवता यायचा नाही, दोन भिंती सरळ जोडता यायच्या नाहीत. पण खेळायचा असा, की बनवणाऱ्याला आपलीच जागा नव्यानं दिसावी. त्याची एक खोड होती. कुठल्याही दारातून आत गेला की पहिल्यांदा वळून मागं बघायचा. दर दाराला. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "आलेलं दार आतनं बघितलं न्हाई तर परत जाताना वळखू येत न्हाई." कॅफेत सगळे त्याला चिडवायचे, "इलाह्या, मागं कोण लागलंय रं, बायको का पोलीस?" तेव्हा त्याला बायकोही नव्हती.

मग तुमच्या कंपनीची पारख आली, मॅपना क्रमांक लावणारं यंत्र.

तुमचं म्हणणं काय होतं ते मी नीट वाचलंय. रोज लाखभर नवे मॅप येतात. तेवढे खेळायला माणसं आणायची कुठून? मग माणसांच्या सवयींनाच खेळायला बसवा. खेळताना आम्ही चष्मा घालतो, तो बुबुळं कुठं वळतात ते टिपतो. हातात धरायच्या कंट्रोलरच्या मुठी नाडी मोजतात, घाम मोजतात, पकड मोजतात. इलाही अंधाऱ्या दारापुढं किती थबकतो, दचकला की नाडी किती उडी मारते, कंटाळला की अंगठा कसा चाळा करायला लागतो, हे सगळं वर्षानुवर्षं तुमच्याकडं जमा होत गेलं. आम्ही 'मान्य आहे' दाबलं होतं. सगळेच दाबतात.

त्यातून तुम्ही प्रत्येक खेळाडूची एक छाया तयार केलीत. छायेला चेहरा नाही, आवाज नाही. तिच्यापुढं एखादं वळण ठेवलं की हा माणूस इथं काय करेल याचं गणित ती मांडते आणि तसं करते. मग पुढचं वळण. माणसाला तासभर लागेल तो मॅप छाया डोळ्याची पापणी लवायच्या आत संपवते. अशा लाखो छाया एका वेळी सोडल्या की चहाला उकळी यायच्या आत मॅपचा क्रमांक लागतो. तुम्ही माणूस आणि त्याची छाया शेजारीशेजारी खेळवून दाखवलीत. दहातली नऊ वळणं जुळली. मी नाकारत नाही. गणित चांगलं होतं.

पण क्रमांक आधी लागतो आणि माणूस नंतर येतो, तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलं नाहीत. माणूस यादीतले वरचे वीस-पंचवीस बघतो. त्याखालचं त्याच्यासाठी नसतंच. मग वरचेच खेळले जातात आणि पारख म्हणते, बघा, माझा अंदाज खरा ठरला. खानावळीत एकच भाजी शिजवायची आणि म्हणायचं, लोकांना हीच आवडते.

सगळ्या छायांचं वजनही सारखं नाही. काही खेळाडूंना आज जे आवडतं ते पुढं सहा महिन्यांनी सगळ्यांना आवडतं, असं तुमच्या लक्षात आलं. त्यांच्या छायांना तुम्ही 'वाटाड्या' म्हणता. एका वाटाड्याचं मत हजारो साध्या छायांना भारी पडतं. वाटाड्या कोण, हे तुम्ही कुणाला सांगत नाही. खुद्द त्या माणसालाही नाही.

आम्ही शिकलो. पारखेला काय रुचतं ते चार महिन्यांत सगळ्यांना पाठ झालं. दारं रुंद करा. दर चौथ्या वळणाला काहीतरी चमकू दे. अंधार ठेवू नका. खेळाडूला एका जागी उभं राहायला लावू नका, उभा राहिला की छाया बाहेर पडते. मीही तसे मॅप बनवले, ढिगानं. त्यातला एक पहिल्या हजारात गेला. हजारात असला की मॅप जिवंत राहतो, माणसांच्या नजरेत यायला मात्र पंचविसात लागतो. दोन महिन्यांनी बघितलं तर त्यात एकही माणूस गेला नव्हता. लाखो छाया येऊन गेल्या होत्या. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. उठले, डाळ शिजत लावली.

तात्यांनी कॅफे बंद केला. आता तिथं पार्सलची कपाटं आहेत, तात्या त्यांच्या किल्ल्या सांभाळतात. मी गेले होते एकदा.

"तात्या, गुळणी आता कुणी धरत न्हाई."

"कुणापुढं धरायची? यंत्राला खेळवून बघ की गुळणी धरून. पाणी कोमट बी हुईत न्हाई तवर निकाल." मग किल्ल्यांचा जुडगा मांडीवर आपटत म्हणाले, "इलाही काय करतोय?"

"एअरजेट मागांच्या कारखान्यात हाय. खेळायचं सोडलं त्यानं."

"शाना हाय," तात्या म्हणाले.

पाच वर्षं इलाहीनं चष्म्याला हात लावला नव्हता. लग्न झालं, पोरगी झाली, शिफ्ट आली. दस्तगीरचाचा, म्हणजे त्याचे वडील, गेले. त्यांचा सोळा मागांचा छोटा कारखाना होता, जुने साधे माग. ते त्याआधीच भंगारात निघाले होते. भंगारवाले यायच्या दिवशी इलाहीनं मला बोलावलं. म्हणाला, आवाज घेऊन ठेव. दस्तगीरचाचांनी एकेक माग शेवटचा चालवला आणि मी दोन्ही कानांपाशी माइक लावून मधोमध उभी राहिले. ते आवाज माझ्याकडं तसेच पडून होते.

लहानपणी आम्ही त्या कारखान्यात एक खेळ खेळायचो. डोळ्यांवर टॉवेल बांधायचा. दस्तगीरचाचा गुपचूप एक माग थांबवायचे. सोळा मागांच्या खडखडाटात कान फाटायची वेळ, आणि त्यात कुठला बंद झालाय ते ओळखून तिथं जाऊन हात लावायचा. ऐकणाऱ्याला वाटेल कसं शक्य आहे. शक्य आहे. खडखडाटात एक भोक पडतं. त्या भोकाकडं चालत जायचं.

त्याचाच मी मॅप केला. नाव ठेवलं 'बंद माग'. गच्च अंधार, हवेत कापसाची पिंजर. सगळीकडून मागांचा आवाज, दस्तगीरचाचांच्या मागांचा. एक बंद पडलेला असतो. तो कानानं शोधायचा, त्यात सुताची नवी कांडी भरायची, चालू करायचा. मग दुसरा बंद पडतो. सगळे चालू झाले की शेडचं मोठं दार उघडतं आणि उजेड आत येतो. बस. चमकणारं काही नाही, गुण नाहीत, शत्रू नाही. पारखेला जे जे चालत नाही ते सगळं त्यात होतं. मी मुद्दाम केलं नाही. ती जागाच तशी होती.

आणि मी तो कोरडाच सोडला. गुळणी धरायला कुणी नव्हतंच.

चहा व्हायच्या आत निकाल आला. तळाचा गठ्ठा. तळाच्या गठ्ठ्यातले मॅप तुम्ही महिनाअखेरीस कायमचे बंद करता, साठवणीची जागा वाचवायला. त्यावर तुमचा अहवाल येतो, छाया कुठून गेल्या आणि कुठं कंटाळल्या याच्या रेघा. बहुतेकांच्या रेघा दारातच संपल्या होत्या. एक रेघ जाड होती. वाटाड्याची. ती शेडच्या दारातून आत गेली आणि तिथंच गर्रकन वळली. मागं बघितलं, मग पुढं गेली. आतल्या फळीच्या दाराला परत तेच. तिसऱ्या मागापाशी बाहेर पडली.

मी ती रेघ बघत बसले. मग माझे जुने अहवाल काढले. सगळीकडं तीच. माझे, कॅफेतल्या विनूचे, सांगलीच्या पोरांचे, सगळ्यांचे मॅप पाच वर्षं हीच रेघ पास-नापास करत होती. दर दाराला मागं वळून बघत.

मी इलाहीच्या घरी गेले. तो पहिल्या पाळीवरून येऊन चहात खारी बुडवत बसला होता. रेहाना, त्याची बायको, मशिनवर गाऊन शिवत होती.

"इलाह्या, माझा मॅप तिसऱ्या मागाला सोडून गेलास?"

"कुठला मॅप? पाच वर्षं झाली गं हात लावून. अंगठं बघ, खिळ्यावाणी ताठ झाल्यात."

"पारख म्हणती, गेलास."

रेहानानं मशीन थांबवलं. "बघा पद्माताई. हितं नळाचा वॉशर बदला म्हटलं तर वेळ न्हाई, आणि तिकडं खेळत बसलाय."

मी समजावून सांगितलं. छाया काय, वाटाड्या काय, रेघ काय. इलाही ऐकत होता, खारी चहात विरघळून गेली.

"म्हंजे मी झोपलोय तवा बी खेळतोय?"

"झोपलास तवा, कामावर हायस तवा, नमाजाला गेलास तवा."

"आणि लोक ऐकत्यात माझं?"

"जगभर."

तो हसायला लागला. "आमचा कारखान्यातला डेप्युटी ऐकत न्हाई गं. त्याला सांग की जरा." मग हसणं हळूहळू बंद झालं. "आब्बांचा कारखाना होता त्यात?"

"व्हय. त्यांचेच आवाज."

"आणि मी मधनंच उठून गेलो?"

मी अहवालातली ती जाड रेघ त्याच्यापुढं धरली.

"मी न्हाई उठलो असतो," तो म्हणाला.

तुमच्याच नियमात लिहिलंय, खरा खेळाडू स्वतः खेळला की त्याची छाया त्याप्रमाणं सुधारते. मी तेच धरलं. इलाहीनं एकदा 'बंद माग' शेवटपर्यंत खेळावा. वाटाड्याला कळेल, मॅप वर येईल, महिनाअखेर टळेल. दस्तगीरचाचांचा कारखाना एकदा भंगारात गेला होता, दुसऱ्यांदा जाऊ द्यायचा नव्हता. एवढंच होतं माझ्या मनात.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याच्या घरी जमलो. तात्या आले, स्टीलचा तांब्या घेऊन. "धर," म्हणाले. "इतक्या वर्षांनी खेळतोय, रीतीनं हुदे." मी घोट तोंडात घेतला आणि खुर्चीमागं उभी राहिले. इलाहीनं जुना चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. त्याला काय दिसतंय ते समोर टीव्हीवर आम्हालाही दिसत होतं, म्हणजे जवळजवळ अंधारच. आवाज चष्म्यातून त्याच्या कानांत आणि टीव्हीतून आमच्यापर्यंत येत होता. घरात सोळा माग सुरू झाले. रेहानानं कानावर पदर घेतला.

इलाही शेडच्या दारातून आत गेला आणि थेट पुढं चालायला लागला.

मागं बघितलं नाही.

मी तात्यांकडं बघितलं. त्यांच्याही लक्षात आलं होतं.

पहिला बंद माग उजवीकडं होता. तो त्यानं सहज गाठला. कांडी भरली, माग सुरू झाला, आणि डावीकडचा एक बंद पडला. भोक इतकं स्पष्ट होतं की मीच तिकडं मान वळवली. इलाही हलला नाही. उभा राहिला. नुसता उभा. मग उजवीकडं दोन पावलं गेला, परत आला. मी त्याच्या डाव्या खांद्याकडं बघत होते आणि तोंडात पाणी होतं.

रेहाना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, स्वतःच्या डाव्या कानावर बोट ठेवलं आणि नकारार्थी हात हलवला.

त्याचा डावा कान गेला होता. नंतर कळलं, वर्षभर झालं होतं. कारखान्यात कॉम्प्रेसरचा पाइप कानाशी फुटला. डेप्युटीला कळलं तर काढतील म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही.

मी कानासाठी बांधलेल्या जागेत एका कानाचा माणूस सोडला होता. आणि मला एकच शब्द बोलायचा होता. 'डावीकडं.' बोलले असते तर तो पाच वर्षांपूर्वीच्या इलाहीसारखा सरळ डावीकडं गेला असता. पाणी तोंडात कोमट झालं होतं. तात्या खाली बघत होते. मी बोलले नाही.

इलाही जागच्या जागी फिरायला लागला. हळू, उजवा कान पुढं करून, कोंबडी दाणा टिपायच्या आधी मान वाकडी करते तसा. अख्खा गोल फिरला. मग हातातल्या मुठींवरचा अंगठा त्यानं सैल सोडला. माग जवळ आला की मुठी थरथरतात, ते मी केवळ गंमत म्हणून घातलं होतं. तो त्या थरथरीवर चालायला लागला. एकेका मागाला हात लावत, चालू आहे, चालू आहे, हा पण चालू, आणि मग एका ठिकाणी हात थांबला. तिथं थरथर नव्हती.

मी बांधलेली जागा मी अशी कधी बघितली नव्हती.

फार वेळ लागला. मध्ये पोरगी उठली, रेहानानं तिला मांडीवर घेतलं, तीही बघत बसली. दहाव्या-अकराव्या मागाला इलाही एकदम थांबला.

"आयला," तो चष्म्याच्या आतून म्हणाला. "हा आब्बांचा लंगडा. ऐकलास का गं? खट, खट्याक, आणि मग इसरल्यागत थांबतोय. आब्बा म्हणायचे, ह्याला चप्पल घाला कुणीतरी." आणि मोठ्यानं हसला. मला हसता येत नव्हतं. हसले असते तर पाणी सांडलं असतं.

सोळावा सुरू झाला. शेडचं दार उघडलं, टीव्हीतला उजेड सगळ्यांच्या तोंडावर आला. आणि तेव्हा, अगदी शेवटी, बाहेर पडायच्या आधी इलाही वळला आणि त्यानं मागं बघितलं. चालणारे सोळा माग. बराच वेळ.

त्यानं चष्मा काढला. नाकावर वळ उठले होते. माझ्याकडं वळला, बोलायला तोंड उघडलं. मी गिळायला तयार उभी होते.

मोबाइल वाजला. त्यानं आधी मोबाइल बघितला.

तुमचं पत्र मी शब्दाशब्दानं देते. "या खात्यावरील आजचा खेळ इलाही दस्तगीर मुजावर यांच्या खेळाशी जुळत नाही. आपण इलाही मुजावर नाही. अस्सल खेळाडूच्या संरक्षणासाठी हे खाते कायमचे बंद करण्यात येत आहे."

जितकी छाया वजनदार तितकं तिचं कुलूप जड, हे मला नंतर समजलं. वाटाड्याच्या नावानं भाडोत्री माणूस बसवून कुणी निकाल फिरवू नये म्हणून तुम्ही ते लावलंत. खेळणारा छायेशी जुळला तरच तो खरा. न जुळणारा माणूस तोतया.

इलाहीनं पत्र दोनदा वाचलं. रेहाना म्हणाली, "मग पाच वर्षं ह्यो कोण घरात घेतलाय मी?" तात्या हसले. इलाही हसला नाही. मोबाइल उपडा ठेवला आणि उठून नळाचा वॉशर बदलायला घेतला.

माझ्या तोंडात पाणी तसंच होतं. तो बोलल्याशिवाय गिळता येत नाही, थुंकताही येत नाही. मी मोरीत गेले, तोंड उघडलं आणि ते खाली जाऊ दिलं.

मी तक्रार केली. त्याची ओळखपत्रं लावली, कानाच्या डॉक्टरचा कागद लावला. तो नोकरीच्या भीतीनं नको म्हणत होता, तरी रेहानानं दिला. तुमचं उत्तर आलं. "तक्रारीची शहानिशा करण्यात आली. सदर मॅप श्री. इलाही मुजावर यांच्या छायेस पुन्हा खेळण्यास दिला असता त्यांनी तो तिसऱ्या मागाशी सोडला. सबब तक्रारीतील व्यक्ती श्री. मुजावर नसल्याचे त्यांच्याकडूनच स्पष्ट होते."

म्हणजे तुम्ही त्यालाच विचारलंत. आणि त्यानं सांगितलं, तो मी नव्हे.

हे उत्तर घेऊन मी त्याच्याकडं गेले तेव्हा तो दारात पोरीच्या चपलेचा अंगठा शिवत होता. मी म्हणाले, "हे मरू दे. मला एकच सांग. त्या दिवशी बोलायला तोंड उघडलं होतंस. आवडला का न्हाई?"

तो सुई ओवत राहिला.

"इलाह्या."

"त्यालाच इचार की."

"कुणाला?"

"त्याला. ते बी मीच की गं. पाच वर्षांमागचा. त्याला दोन कान हायत, मला एक. कुणाचं धरायचं?"

"तुझं."

"तू मैत्रीण हायस म्हणून म्हणतीस. आब्बांचा आवाज होता म्हणून मला बरं वाटलं असणार. मॅप चांगला हाय का न्हाई ते येगळं. त्याला जास्त कळत असणार. जग काय उगंच ऐकतंय?" सुईत दोरा गेला. तो रागावला नव्हता, रडत नव्हता. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होता. "आणि पुढचा मॅप झाला तर मला दावू नको. मला काय आवडतंय ते आता नीट कळत न्हाई."

आतून रेहाना म्हणाली, "पद्माताई, आमटीत मीठ बरं हाय का इचारलं तर बी म्हणत्यात, तूच बघ."

मी घरी आले. तेव्हापासून मलाही फारसं काही वाटत नाही. नवे मॅप बनवते. रुंद दारं, चौथ्या वळणाला चमक. पारख पास करते. कधीकधी अहवाल उघडून ती जाड रेघ बघते. ती प्रत्येक दारात वळून मागं बघते. तिला परत कुठं जायचं असतं कुणास ठाऊक. खरा इलाही आता मागं बघत नाही. फक्त एकदाच बघितलं, स्वतःच्या बापाच्या कारखान्यातून निघताना, आणि त्याच खेळासाठी तुम्ही त्याला तोतया ठरवलंत.

महिनाअखेर जवळ आली. 'बंद माग' तुम्ही पुसाल, मला माहीत आहे. आवाज माझ्याकडं आहेत, मी दुसरीकडं बांधीन. जागेचं मी बघून घेईन. पण ज्या मोजक्या माणसांच्या आवडीवर तुमचं अख्खं यंत्र उभं आहे, त्यांतला हा एक, त्याला स्वतःला काय आवडतं हे आता सांगता येत नाही. ते मी कशानं बांधू?

मॅप अजून गुळणीतून सुटलेला नाही. खेळणारा खेळला, शेवटपर्यंत गेला, हसला, आणि त्याचा शब्द तुम्ही मध्येच उचलून नेलात. आमच्या रीतीनं निकाल यंत्र देत नाही, खुर्चीतला माणूस देतो. त्या खुर्चीत कोण बसलं होतं, एवढंच मला तुमच्याकडून हवंय. लेखी नको, छायेला विचारून नको. तुमच्यातल्या कुणीतरी, नाव-गाव असलेल्या माणसानं, इचलकरंजीला यावं, इलाहीसमोर बसावं, त्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे त्याला ऐकू येईल, आणि सांगावं.

लिहायला तोंड लागत नाही. तात्यांच्या तांब्यातला एक घोट मी पुन्हा तोंडात घेतलाय आणि हे लिहितेय. पाणी कोमट होत चाललंय.

आमच्यासमोर त्या दुपारी खेळला तो कोण होता? बोला. गिळू का थुंकू?